दाताची साक्ष कितपत ग्राह्य?

बालाघाटजवळील भरवेलीच्या मँगनीज खाणींतले खडक डायनोसॉर पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधीचे असल्यामुळे त्यांत या प्राण्यांचे अवशेष शोधणे व्यर्थ होय; परंतु उत्तरेस जबलपूर, जेथे ठगांच्या बंदोबस्ताने ख्यात झालेल्या स्लीमन साहेबांना १८२८ साली पहिली हाडे मिळाली, आणि नैर्ऋत्येस चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लामेटा थर सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घग्रीव शाकाहारी डायनोसॉरांची दफ्तरेच होत.

या अजस्र प्राण्यांची कवटी मात्र लहान व नाजूक असल्याने क्वचितच टिकते. दातांचे तसे नाही. त्यांवरील दंतवल्क कठीण असते आणि झिजलेल्या दाताच्या जागी नवा दात आयुष्यभर येत राहतो. अमेरिकेतील डिप्लोडोकसमध्ये प्रत्येक जागी सुमारे ३५ दिवसांनी दात बदलत असे, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला.

असा सुटा दात हाती आला, की प्रथम कडा पाहाव्यात: चपटा, मागे वळलेला आणि बारीक करवती दात्यांचा असेल तर तो बहुधा मांसाहारी डायनोसॉरचा. शाकाहारी ठरल्यावर दंतशिखराची उंची रुंदीने भागावी. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा थरांत सापडलेल्या व १९७५ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी नामकरण केलेल्या बारापासॉरसचे दात रुंद, चमच्याच्या घाटाचे, तर लामेटा काळातील टायटॅनोसॉर कुळाचे दात सडपातळ, पेन्सिलीसारखे असतात. यानंतर झीज तपासावी. रुंद दात एकमेकांत अडकून बसत असल्याने त्यांच्या दोन्ही बाजू झिजतात, सडपातळ दातांच्या टोकाशी बहुधा एकच तिरपा सपाट पृष्ठभाग उमटतो. मूळ विरघळून तळाशी खळगा पडलेला असेल, तर तो दात प्राणी जिवंत असतानाच गळालेला, असे समजावे.

एवढ्या तपासाअंती कुळाचा निवाडा बहुधा करता येतो; जातीचा मात्र नाही, कारण अनेक जातींचे दात परस्परांसारखे असतात, आणि एकाच जबड्यातही पुढच्या व मागच्या दातांत तफावत आढळते. म्हणून एका दातावर नवी जात उभारण्याची घाई अयोग्य होय.

वाचकांना विनंती एवढीच, की असा दात दिसल्यास तो खोदून काढू नये. छायाचित्र व ठिकाणाची नोंद घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे, कारण ज्या थरात तो रुतला आहे, त्या थराशिवाय त्याचा काळ ठरवणे दुरापास्त होते.