लिहिलेले कोण पुसते?

भिंतीवर कुणी काही लिहिले आणि ते दुसऱ्याला खटकले, तर तो त्यावर चुन्याचा हात मारतो. पुसणारा कोण, हे सहसा गावाला कळते. फेसबुक, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांवर लिहिलेलेही पुसले जाते. पण कुणी पुसले आणि का, हे लिहिणाऱ्यालासुद्धा पुष्कळदा कळत नाही. हा पुसणारा कोण, ते आज पाहू.

सुरुवात एका छायाचित्रापासून करू. जून १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये नापाम बॉम्ब पडले आणि होरपळलेली एक नऊ वर्षांची मुलगी अंगावर कपडे नसलेल्या अवस्थेत रस्त्यावरून धावत सुटली. हे छायाचित्र जगभर गाजले. १९७३ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१६ मध्ये नॉर्वेतील एका लेखकाने युद्धाच्या छायाचित्रांविषयी लिहिताना ते फेसबुकवर टाकले. फेसबुकने ते काढले. 'आफ्टेनपोस्टेन' या वृत्तपत्राने टाकले, तेही काढले. शेवटी देशाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी टाकले, तर त्यांचेही काढले! खूप टीका झाल्यावर फेसबुकने निर्णय फिरवला.

कंपनीचा नियम वाईट होता का? लहान मुलांची नग्न चित्रे नकोत, हा नियम आपल्यालाही पटेल. अडचण नियम लावण्यात आहे. रोज येणारा कोट्यवधी मजकूर माणसांनी तपासणे शक्य नाही, म्हणून पहिली चाळणी यंत्र लावते. ती दोन प्रकारची असते.

पहिली चाळणी ओळख पटवण्याची. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणाला एक आकडा असतो. या आकड्यांवरून गणित करून चित्राचा एक छोटा 'ठसा' काढता येतो. बालकांच्या शोषणाची चित्रे शोधण्यासाठी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेज यांनी 'फोटोडीएनए' ही अशी पद्धत तयार केली. चित्र थोडे लहानमोठे केले, रंग जरा बदलला, तरी ठसा जवळजवळ तोच राहतो. मात्र ठसा फक्त 'हे तेच चित्र' एवढेच सांगतो. ते इतिहास शिकवण्यासाठी लावले की विकृत हेतूने, हे त्याला कळत नाही.

दुसरी चाळणी अंदाजाची. मजकूर नवा असेल तर जुना ठसा उपयोगी पडत नाही. म्हणून यंत्राला हजारो उदाहरणे दाखवून 'चालेल' आणि 'चालणार नाही' यांतला फरक शिकवतात. समजा, असे यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर ठरते. उत्तम, नाही का? आता गणित करू. १०,००० नोंदींपैकी फक्त १० खरोखर घातक आहेत असे धरा. यंत्र त्या बहुधा दहाही पकडेल. उरलेल्या ९,९९० नोंदी निर्दोष आहेत; त्यांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १००, चुकून पकडल्या जातील. एकूण ११० पकडल्या, त्यांत १०० निरपराध! यंत्र वाईट नव्हते. घातक नोंदीच थोड्या होत्या. हे उदाहरण दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज सोडवता येईल.

त्यात भाषेची भर पडते. "मेल्या, किती दिवसांनी आलास!" हे कोकणातले प्रेमाचे बोलणे आहे. यंत्राला त्यात फक्त मरण दिसू शकते. शंकास्पद नोंदी तपासायला कंपन्यांनी हजारो माणसे नेमलेली असतात. पण त्या माणसांना प्रत्येक बोलीचा पोत ठाऊक असेलच असे नाही.

कंपनीच्या वर कायदा आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम ७९ नुसार, ठरावीक अटी पाळल्या तर लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल कंपनी दोषी धरली जात नाही. कलम ६९ अ नुसार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर रोखण्याचा आदेश देऊ शकते. आणखी एक कलम होते, ६६ अ. 'अतिशय आक्षेपार्ह' संदेशासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण आक्षेपार्ह म्हणजे काय, हे कोण ठरवणार? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले होते. दुसरीने ते आवडल्याची खूण केली होती. पुढे त्यांच्यावरचा खटला बंद झाला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच रद्द केले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारचाच एक विभाग ठरवणार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. वादातला एक पक्षच निवाडा करू लागला तर काय होईल, याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

आणि पुसणे हा नियंत्रणाचा एकच प्रकार झाला. कुणाचे लिहिणे आधी दाखवायचे आणि कुणाचे तळाशी ढकलायचे, हेही कंपनीचे गणितच ठरवते. आपण जिथे जास्त वेळ रेंगाळतो, तसलेच पुढे आणले जाते. म्हणजे आपले बोटही या व्यवस्थेचा एक भाग आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कल्पित अशा दहा नोंदी लिहा: एक थट्टा, एक अफवा, एक शिवी, एक कडक टीका, एखादे युद्धाचे वर्णन. प्रत्येक गटाने कोणत्या नोंदी काढायच्या ते ठरवावे आणि कारण लिहावे. गटांची उत्तरे जुळणार नाहीत. मग विचारा: ज्याचे लिहिणे काढले, त्याला कारण सांगितले का? दाद मागायची सोय ठेवली का? हे दोन प्रश्न मुलांनी विचारले, म्हणजे प्रयोग साधला.