माशाचे तोंड पाहा, मग गळ टाका



शेततळ्यातले मासे विक्रीला काढायचे तर जाळेच हवे. पण घरी कालवणाला दोन मासे पाहिजेत, किंवा वाढ कशी आहे ते बघायचे आहे, तर तेवढ्यासाठी सगळे तळे ढवळू नये. गळ पुरतो. "सकाळपासून बसलो, काही लागलं नाही," असे पुष्कळ जण सांगतात. अशा वेळी बहुधा आमिष वाईट नसते, ते नको त्या थरात असते. मासा कोणत्या थरात चरतो हे त्याच्या तोंडावरून कळते.

१) कटला : तोंड मोठे, वर वळलेले. हा वरच्या थरात चरतो. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांचा सैल, हळूहळू विरघळणारा गोळा लावा. गळ पाण्याखाली हात-दीड हात असू द्या.

२) रोहू : ओठ झालरीसारखे. हा मधल्या थरातला. कणीक व पेंड घट्ट मळून हरभऱ्याएवढी गोळी करा. गळ मध्यावर ठेवा.

३) मृगळ व सायप्रिनस : तोंड खालच्या बाजूला. हे तळाशी चरतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावा, गळ तळापासून वीतभर वर ठेवा.

४) गवत्या : उकडलेला मक्याचा दाणा चालतो.

चंदेरा मासा पाण्यातले बारीक शेवाळ गाळून खातो. तो गळाला क्वचित लागतो, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

मरळ मात्र आधी काढा. हा मासे खाणारा मासा आहे, तुमचे बोटुकलीचे पैसे त्याच्या पोटात जातात. त्याला काठच्या गवताजवळ छोटी मासोळी लावून धरा. बेडूक लावू नका, तो पिकावरची कीड खातो.

खोली कशी ठरवावी? तंगुसावर ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा बांधा. तो वर-खाली सरकवला की गळ हवा तेवढा खाली राहतो. तीन-चार दिवस एकाच जागी, एकाच वेळी मूठभर पेंड टाकली तर मासे तिथे यायला लागतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बरी, थंडीत ऊन चढल्यावर.

तळ्यात प्लॅस्टिकचा कागद असेल तर गळ तळाला टेकू देऊ नका. एक छिद्र पडले तरी पाणी झिरपते. मासा काठावर घासत ओढू नका, हातजाळीने उचला.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर ती भूक नव्हे, त्यांचा श्वास कोंडतो आहे. त्या वेळी गळ नको, खाद्य नको, शेणखतही नको. ताबडतोब ताजे पाणी उंचावरून सोडा. उशीर झाला तर अख्खे तळे हातचे जाईल.

शेततळ्याचा उतार निसरडा असतो. एकट्याने जाऊ नका, पोरांना पाठवू नका, काठावर दोर बांधून ठेवा. गावतलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी त्यांना विचारा.

आपले अनुभव व शंका कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवा.