चेंडू आपल्या उंचीचा हवा

रोवणी सुरू झाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातली बाई दिवसभर बांधीत वाकलेली असते. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्याने चिखलात रोवत ती मागे मागे सरकते. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून झालेली असतात, मे महिन्यात तेंदूपानं तोडून झालेली असतात. काम बदलतं, वाकणं तेच राहतं. ‘कंबर धरली जी’ म्हणत आमच्या व्यायामवर्गात येणाऱ्या बहुतेक जणी अशाच कामातून आलेल्या असतात.

या वर्गात मोठा रबरी दिसणारा चेंडू वापरतात. खरं तर तो प्लास्टिकचा असतो. 1963 मध्ये एक्विलिनो कोसानी या इटालियन कारखानदाराने तो बनवला आणि स्वित्झर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांनी तो उपचारात आणला. त्यावर बसलं की तो जरासा हलतो आणि तोल सावरायला पोटाचे व मणक्यालगतचे स्नायू आपोआप कामाला लागतात. त्याचा सारा उपयोग या हलण्यातच आहे.

घोटाळा होतो तो मापाचा. चेंडू 45, 55, 65 आणि 75 सेंटिमीटर व्यासाचे मिळतात. घरात बहुधा 65 चा येतो, कारण तो भरपूर मोठा वाटतो. आपल्याकडच्या बायका मात्र पुष्कळदा पाच फुटांच्या आसपास असतात. त्या 65 वर बसल्या की टाचा उचलल्या जातात आणि त्या बोटांवर तोल धरतात. मग कंबर सैल होण्याऐवजी आणखी आवळते. साधारण 155 सेंटिमीटरपर्यंत उंचीला 45 आणि त्यापुढे 170 पर्यंत 55 पुरतो. तरी शेवटचा निवाडा बसूनच करावा: तळवे पूर्ण जमिनीवर, मांड्या आडव्या किंवा गुडघ्यांकडे किंचित उतरत्या.

हवा भरतानाही घाई नको. पहिल्या दिवशी थोडी कमी भरून एक दिवस ठेवावा, म्हणजे प्लास्टिक ताणाला सरावतं. मग घेर मोजावा. 55 चा घेर सुमारे 173 सेंटिमीटर भरतो. शिंप्याचा टेप दीडशेवरच संपतो, म्हणून सुतळी गुंडाळून ती मोजणं सोयीचं. टणक चेंडू पटकन घरंगळतो. नवख्या माणसाला थोडा मऊ बरा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. सकाळी बेताचा असलेला चेंडू दुपारी ताठ होतो, म्हणून तो उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये. खाली शेणाने सारवलेली सपाट जमीन चालते, खडा किंवा काटा मात्र वेचून घ्यावा. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेलाच घ्यावा. भोक पडलं तरी तो एकदम फुटत नाही, हळूहळू बसतो.

पहिले काही दिवस भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून नुसतं बसावं. मग एक पाय दोन बोटं उचलावा. पुढे पाठीवर झोपून पोटऱ्या चेंडूवर ठेवायच्या आणि कंबर सावकाश वर घ्यायची. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पालथं पडण्याचा व्यायाम: पोट चेंडूवर, हातपाय जमिनीला, आणि एक हात व विरुद्ध पाय हळूच उचलून धरायचा. दिवसभर ताणली गेलेली पाठ इथे ताकद कमावते. श्वास रोखायचा नाही. कुणी दिवसभर खुर्ची म्हणून चेंडू वापरतात, त्याचा फायदा मला पटलेला नाही. आणि नुसती ताकद वाढवायची तर पक्क्या जमिनीवर वजन उचलणंच सरस. हलत्या चेंडूवर तेवढं वजन पेलत नाही.

कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर चेंडू बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या दवाखान्यात मणक्याच्या आजारांवर उपचार होतात. चक्कर येणाऱ्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनी विचारल्याशिवाय यावर बसूच नये.

दुकानात जाण्याआधी भिंतीला पाठ टेकून उंची मोजून घ्या, बायांनो. 155 च्या आत असाल तर 45 चाच मागा. नसेल तर तो मागवायला सांगा, हाती दिला तो घेऊन येऊ नका.