डब्ल्यूजी मालवाहू वाफ एंजिन
भारतीय रेल्वेच्या रुंदमापी (१,६७६ मिमी.) मार्गांवर मालगाड्या ओढण्यासाठी स्वातंत्र्योत्तर काळात प्रमाणभूत ठरविण्यात आलेला वाफ एंजिनांचा वर्ग. नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर रुंद मापाचे व ‘जी’ हे मालवाहतुकीचे निदर्शक आहे. १९५० ते १९७० या काळात या वर्गाची एकूण २,४५० एंजिने बांधली गेली. भारतातील रुंदमापी वाफ एंजिनांच्या कोणत्याही अन्य वर्गाची संख्या एवढी मोठी नव्हती.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मालवाहतुकीसाठी ‘एक्सडी’ व ‘एक्सई’ हे प्रमाणित वर्ग वापरात होते. दुसऱ्या महायुद्धात मालाचा भार अतोनात वाढल्यामुळे अमेरिका व कॅनडा येथून एंजिने आणावी लागली. युद्धसमाप्तीनंतर रेल्वेजवळ नाना बनावटींची व झिजलेली एंजिने उरली. प्रत्येक बनावटीचे सुटे भाग निराळे असल्याने दुरुस्तीस विलंब लागे आणि एंजिने कार्यशाळेत अडकून पडत. यावर उपाय म्हणून मोजक्या वर्गांची, शक्य तितके भाग समान असणारी एंजिने बांधण्याचे धोरण ठरले. त्यानुसार प्रवासी गाड्यांसाठी १९४७ मध्ये ‘डब्ल्यूपी’ व मालगाड्यांसाठी १९५० मध्ये डब्ल्यूजी हा वर्ग सेवेत आला.

रचना : डब्ल्यूजी एंजिनाचे बाष्पित्र डब्ल्यूपी एंजिनाप्रमाणेच आहे. वाफेचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. १४·८ किग्रॅ. असून कोळसा जाळण्याच्या जाळीचे क्षेत्रफळ सु. ४·३ चौ. मी. आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने पुरेशी उष्णता मिळविण्यासाठी मोठी जाळी आवश्यक असते. एवढी रुंद ज्वालापेटी चलनचाकांच्या मध्ये मावत नाही. म्हणून ती त्यांच्या मागे ठेवून तिचा भार दोन लहान चाकांवर दिलेला आहे. अशा रीतीने पुढे दोन मार्गदर्शक चाके, मध्ये आठ जोडचाके व मागे दोन आधारचाके अशी २-८-२ ही चाकरचना सिद्ध होते.

बाष्पित्र एकच असताना दोन वर्गांची कामगिरी भिन्न असण्याचे कारण चाके व सिलिंडर यांत आहे. डब्ल्यूपीला १,७०२ मिमी. व्यासाची सहा जोडचाके, तर डब्ल्यूजीला १,५६२ मिमी. व्यासाची आठ जोडचाके आहेत. डब्ल्यूजीच्या दोन बाह्य सिलिंडरांचा व्यास सु. ५५६ मिमी. असून दट्ट्याची धाव ७११ मिमी. आहे. व्यास मोठा व चाके लहान असल्याने कर्षण प्रेरणा सु. १७,६४० किग्रॅ. म्हणजे डब्ल्यूपीच्या सु. सव्वापट होते, मात्र त्या प्रमाणात वेग कमी होतो. आठ जोडचाकांवर मिळून सु. ७४ टन भार पडतो. तो कर्षण प्रेरणेच्या चौपटीहून थोडा अधिक असल्याने जड गाडी हलविताना चाके सहसा जागच्या जागी घसरत नाहीत. प्रत्येक आसावरील भार सु. १८·५ टन इतकाच ठेवल्यामुळे हे एंजिन बहुतेक प्रमुख मार्गांवर चालू शकले. कोळसा व पाणी यांसह एंजिन आणि टेंडर यांचे एकत्रित वजन सु. १७५ टन भरते.

भट्टीत कोळसा हातफावड्याने टाकला जाई. त्यामुळे एंजिनाची प्रत्यक्षातील शक्ती जाळीच्या क्षेत्रफळाइतकीच फायरमनच्या श्रमांवर अवलंबून असे. वऱ्हाडातील उन्हाळ्यात उघड्या भट्टीसमोर टनावारी कोळसा ओढणे, हे या एंजिनाच्या इतिहासातील आकड्यांत न दिसणारे अंग होय.

उत्पादन : पहिली एंजिने ग्लासगो येथील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने पुरविली. पुढे इतर परदेशी कारखान्यांकडूनही काही घेण्यात आली; परंतु बहुसंख्य एंजिने पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथील कारखान्यात बांधली गेली. तेथील पहिले एंजिन, डब्ल्यूजी क्र. ८४०१, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रास अर्पण केले. त्यास ‘देशबंधू’ हे नाव देण्यात आले. आरंभी अनेक भाग आयात करून येथे जुळविले जात. नंतर त्यांचे उत्पादन क्रमाने देशात होऊ लागले. १९७० मध्ये बांधलेले क्र. १०५६० ‘अंतिम सितारा’ हे देशात बनलेले अखेरचे रुंदमापी वाफ एंजिन ठरले.

महाराष्ट्रातील सेवा : मुंबईहून इगतपुरी व पुणे येथपर्यंतच्या घाटमार्गांचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झालेले असल्याने थळ व बोर घाटांतील वाहतूक विद्युत् एंजिनांकडे होती. डब्ल्यूजीचे कार्यक्षेत्र त्यापलीकडील दख्खन, खानदेश, वऱ्हाड व नागपूर हे होते. वऱ्हाडचा कापूस, चंद्रपूर भागातील कोळसा आणि देशभर जाणारे अन्नधान्य यांची वाहतूक या मार्गांवरून होई. बुलढाणा जिल्ह्यात भुसावळ–नागपूर मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव येथून जातो. जलंबहून खामगावच्या कापूसपेठेस १८७० मध्ये फाटा काढण्यात आला. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सुलतानपूर, लोणार, मेहकर या भागात मात्र लोहमार्ग पोहोचला नाही. तेथील माल प्रथम रस्त्यानेच स्थानकापर्यंत न्यावा लागे. मालगाडीच्या एंजिनाची ताकद कितीही वाढली, तरी तिचा लाभ मार्गालगतच्या पेठांनाच प्रथम मिळतो, हे यावरून दिसून येते.

अस्त व मूल्यमापन : वाफ एंजिनात कोळशातील उष्णतेचा फारच थोडा अंश कर्षणास उपयोगी पडतो, शिवाय रेल्वेच्या स्वतःच्या इंधनाची ने-आण करण्यात असंख्य वाघिणी गुंतून पडतात. चित्तरंजन येथेच १९६१ मध्ये ‘लोकमान्य’ हे पहिले विद्युत् एंजिन तयार झाले व पुढील वर्षी ‘डब्ल्यूडीएम-२’ डीझेल एंजिने देशात आली. तरीही कोळसा देशी व तेल आयातीचे, तसेच नव्या एंजिनांसाठी भांडवल अपुरे, या कारणांनी डब्ल्यूजीची बांधणी आणखी आठ वर्षे चालू राहिली. विद्युतीकरण वाढले तशी ही एंजिने दुय्यम मार्गांवरील मालगाड्या, सवारी गाड्या व यार्डातील वाघिणींची हलवाहलव यांकडे वळविण्यात आली. १९९५ मध्ये रुंदमापी मार्गांवरील वाफ एंजिनांची नियमित सेवा संपली. वाफ एंजिनाचे आयुष्य सामान्यतः चाळीस वर्षांचे धरले जाई. अखेरच्या डब्ल्यूजी एंजिनांना त्यातील पंचवीस वर्षेही पूर्ण मिळाली नाहीत.

म्हणून या वर्गाचे मूल्यमापन दुहेरी करावे लागते. तंत्रदृष्ट्या त्यात नवे असे फारसे नव्हते आणि त्याची बांधणी गरजेपेक्षा उशिरापर्यंत लांबली. परंतु एकाच बाष्पित्रावर दोन वर्ग उभारण्याच्या धोरणामुळे दुरुस्ती सुलभ झाली. वाढत्या औद्योगिक वाहतुकीचा भार रेल्वेला पेलता आला आणि अवजड यंत्रे बांधण्याचे कौशल्य देशातील कामगारांच्या हाती आले. पुढे त्याच कारखान्यात विद्युत् एंजिने घडविताना हे कौशल्य उपयोगी पडले.