एका कसोटीचे कप्तान

गेल्या सप्टेंबरात चेन्नईला जाणे झाले. आपल्या शाळेचा एक माजी कॅडेट तिथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडत होता. परेडनंतर शहरात हिंडलो, तर दुकानादुकानांत सात नंबरची पिवळी जर्सी टांगलेली. बरोबरच्या छोट्या कॅडेटने लगेच सांगितले, "सर, धोनी लेफ्टनंट कर्नलपण आहे." खरे आहे. २०११ मध्ये प्रादेशिक सेनेने त्यांना तो मानद हुद्दा दिला. मी विचारले, "मानद नव्हे, खऱ्या नोकरीतला फौजी अधिकारी भारताचा कप्तान कधी झाला?" उत्तर आले नाही.

ते होते पुण्यात १९१९ साली जन्मलेले हेमू अधिकारी. (पालकांना आठवणारे नाटक-सिनेमातले हेमू अधिकारी वेगळे.) पुढे ते लेफ्टनंट कर्नल झाले. बडोदा आणि सर्व्हिसेसकडून ते रणजी खेळले. एकूण २१ कसोटी, एक शतक. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी गुलाम अहमद यांच्याबरोबर शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. भारताचा हा विक्रम २००४ पर्यंत टिकला.

पण त्यांच्या कप्तानपदाची वाट चेन्नईतून, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमधून जाते. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या माऱ्यापुढे आपण कानपूर आणि कलकत्ता हरलो. कप्तान गुलाम अहमद बाजूला झाले. जानेवारी १९५९ मध्ये मद्रासच्या कसोटीसाठी पॉली उम्रीगर कप्तान ठरले आणि संघनिवडीच्या वादावरून त्यांनी ऐन सामन्याच्या तोंडावर पद सोडले. विनू मंकड यांच्याकडे धुरा गेली. भारत २९५ धावांनी हरला. त्याच सामन्यात सर्व्हिसेसचा तरुण ए. के. सेनगुप्ता आपली एकमेव कसोटी खेळला. धावा फारशा झाल्या नाहीत, पण तो पुढे लेफ्टनंट जनरल झाला!

ही कसोटी चेपॉकवर नव्हे, कॉर्पोरेशन स्टेडियमवर झाली. सेंट्रल स्टेशनाजवळचे ते आजचे नेहरू स्टेडियम. आम्ही मुद्दाम तिथे गेलो. आता तिथे फुटबॉल आणि अॅथलेटिक्स चालते.

दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला मालिकेतला चौथा कप्तान नेमला गेला: ३९ वर्षांचे अधिकारी. विचार करा, मालिका गेलेली, खेळाडूंची मने फाटलेली आणि हाताशी एकच सामना. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. लेगस्पिन टाकून तीन बळी घेतले; कसोटी कारकिर्दीतले त्यांचे बळी एवढेच. चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ केल्या. सामना अनिर्णित राहिला. आकडेवारीत 'अनिर्णित' शब्द फिका दिसतो, पण तीन पराभवांनंतर पडझड थांबली ती इथे. त्यानंतर अधिकारी कसोटी खेळले नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये भारत पाचही कसोटी हरला. निवड समितीने घाई केली असे मला वाटते.

त्यांचे मोठे काम मात्र पुढे झाले. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाचे ते व्यवस्थापक होते. शिस्त कडक, आणि क्षेत्ररक्षणाचा ध्यास. स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक असल्याने मुलांकडून ते करवून घेत. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. १९७४ च्या दौऱ्यातही तेच व्यवस्थापक होते आणि लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत बाद झाला, हेही सांगितले पाहिजे.

परतीच्या गाडीत छोट्या कॅडेटने ओव्हलच्या डावाबद्दल आणखी विचारले. तेव्हा अॅलन नॉटचा झेल सांगितला: गोलंदाज मद्रासचा वेंकटराघवन, आणि फलंदाजाच्या अगदी पुढ्यात झेपावलेला मुंबईचा एकनाथ सोलकर. बर्थवर पडल्या पडल्या त्याने हात पुढे करून बघितला आणि म्हणाला, "इतक्या जवळ?"