भिंतीवरची गोधडी

श्रोतेहो, गोधडी ही वस्तू आपण सहसा पाहात नाही; पांघरतो. ती जाड आहे का, ऊबदार आहे का, कुठं उसवली आहे का, एवढंच आपण बघतो आणि झोपी जातो. पण अमेरिकेत आज गावोगावी असं घडतं की, लोक मुद्दाम वेळ काढून भिंतीवर टांगलेल्या गोधड्या पाहायला जातात आणि एकेका गोधडीपुढं पाच-पाच मिनिटं उभे राहतात. हे कसं झालं, त्या गोधड्यांत पाहण्यासारखं काय असतं आणि त्यातून आपण काय घ्यावं, याचा आज थोडा विचार करू.

तिकडं या गोधडीला ‘क्विल्ट’ म्हणतात. तिचे तीन थर असतात. वरचा थर म्हणजे कापडाचे तुकडे एकमेकांना जोडून केलेला पट. मधे कापसाचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर. खाली अस्तर. हे तिन्ही थर टाके घालून एकत्र बांधायचे आणि कडेनं गोट मारायचा, की झाली क्विल्ट. आपली गोधडी हिची बहीण खरी, पण सख्खी नव्हे. आपल्याकडं कापूस घातला तर ती रजई होते. गोधडीत जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरतात आणि धावदोऱ्यानं ती सारी एकजीव करतात. तुकडे लावायचे ते बहुधा वरून. म्हणजे तिकडं आधी जोडकाम, मग टाके. इकडं टाका हाच जोडणारा.

क्विल्टचं काम एकटीनं उरकत नाही. पूर्वी तिकडं शेजारपाजारच्या बाया लाकडी चौकटीवर क्विल्ट ताणून भोवती बसत आणि गप्पा मारता मारता टाके घालीत. त्याच चालीतून पुढं ठिकठिकाणी मंडळं निघाली. त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात. बैठका बहुतेक महिन्यातून एकदा भरतात. ज्यानं त्यानं आपलं नवं काम आणायचं, सर्वांपुढं उलगडून दाखवायचं आणि अडलेलं विचारायचं. मग वर्षा-दोन वर्षांनी गावातल्या वाचनालयात, शाळेच्या दिवाणखान्यात किंवा चर्चच्या सभागृहात सभासदांच्या कामाचं प्रदर्शन भरतं. सजावट सभासदच करतात, तिकीट तेच फाडतात आणि चहाच्या टेबलाशीही तेच उभे असतात. पाहायला येणारे म्हणजे आप्तेष्ट, शेजारी आणि पलीकडच्या गावच्या मंडळाचे सभासद.

क्विल्ट अंथरुणावरून भिंतीवर गेली, तिला एक मोठं निमित्त घडलं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या सुमारे साठ जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या टांगल्या गेल्या. रंगांची आणि आकारांची जी मांडणी त्या काळचे नामांकित चित्रकार करीत होते, तशीच मांडणी पूर्वीच्या शेतकरी घरांतल्या बायांनी चिंध्यांतून करून ठेवली होती, हे लोकांना दिसलं. एकच गोष्ट तिथं नव्हती. बहुतेक क्विल्ट कुणी शिवल्या, ते नाव. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडं आपल्याला परत यायचं आहे.

अलीकडं ‘मॉडर्न क्विल्ट’ म्हणून एक धाटणी निघाली आहे. २००९ साली लॉस एंजेलिस शहरात काहीजणींनी ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ काढलं, त्याच्या शाखा पसरत गेल्या, आणि २०१३ साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरी त्यांचा पहिला मोठा मेळा भरला. या धाटणीच्या चार-दोन खुणा सांगतो. छापील फुलापानांपेक्षा सपाट, एकरंगी कापड जास्त. रंग धीट. जुन्या क्विल्टमधे एकच चौकट ओळीनं पुन्हा पुन्हा येते. इथं ती मोडतात, सरकवतात, एका कोपऱ्यात मोठी करतात. काहीजणी तर मोजपट्टी बाजूला ठेवून नजरेच्या अंदाजानंच कापतात आणि जोडत जातात. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे मोकळी जागा. अर्धीअधिक क्विल्ट एकाच रंगाची, आणि एका बाजूला चार रेघा. प्रथम पाहणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट राहिलं की काय! पण आपल्या अंगणाचं उदाहरण घ्या. अंगण भरून रांगोळी काढली तर ती एक शोभा. स्वच्छ सारवलेल्या मोठ्या अंगणात उंबऱ्याशी एकच लहान कमळ काढलं, तर ती दुसरी शोभा. त्या कमळाला उठाव कशानं येतो? भोवतालच्या मोकळ्या अंगणानं. मॉडर्न क्विल्टमधल्या रिकामपणाचं काम तेच.

आता असं प्रदर्शन पाहावं कसं? माझ्या मते एकेक क्विल्ट तीनदा पाहावी. पहिल्यांदा दहा-बारा पावलं लांबून. लांबून तुकडे दिसत नाहीत, मांडणी दिसते. नजर आधी कुठं जाते आणि तिथून कुणीकडं वळते, एवढंच बघावं. मग हातभर अंतरावर यावं. आता टाका दिसतो. तो सरळ गेला आहे, की लाटेसारखा, की तुकड्याच्या कडेकडेनं? मोकळ्या वाटलेल्या जागेत टाक्यांची निराळीच नक्षी असते. ती लांबून कळत नाही. जवळ आल्यावर शेतातल्या तासांसारखी उमटते. तिसऱ्यांदा पाठीमागून पाहावं. पाठ खोटं बोलत नाही. गाठी कुठं पडल्या, दोरा कुठं संपला, ते पाठीवर वाचता येतं. हात मात्र लावायचा नाही, कारण बोटांचा घाम आणि तेलकटपणा कापडाला बाधतो. म्हणून अशा प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. त्यांना सांगितलं की ते कोपरा उलटून पाठ दाखवतात. बहुधा त्याच कोपऱ्यात कापडाची एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर करणाराचं नाव, गाव आणि साल.

आपल्याच मंडळाच्या प्रदर्शनात आणखी एक लाभ असतो: करणारी बाई क्विल्टशेजारीच उभी असते. तिला आपण काय विचारतो? “किती दिवस लागले हो?” हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर आकड्यात संपतं. त्यापेक्षा “हा पिवळा तुकडा इथंच का लावलात?” असं विचारून पाहावं. मग ती सांगू लागते. कधी मुद्दाम लावलेला असतो, कधी निळं कापड अपुरं पडलेलं असतं! आणि अपुरं पडलं म्हणूनच काम साधलं, असंही पुष्कळदा होतं.

अपुरेपणातून काय घडतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतच आहे. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाचं खेडं आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथं राहतात. मळ्याच्या मालकाचं पेटवे हे आडनाव आजही गावातल्या कित्येक घरांना आहे. गरिबी अशी की, थंडीसाठी बायांनी जुन्या विजारी, पिठाची पोती, कामाचे विटलेले सदरे फाडून पांघरुणं शिवली. मिसुरी पेटवे हिचा नवरा वारला. तेव्हा तिनं त्याचे कामाचे कपडे घेतले आणि मुलीला हाताशी धरून १९४२ साली त्यांची क्विल्ट शिवली. त्याची आठवण राहावी आणि तीच अंगावर घेऊन निजावं, एवढाच हेतू. गुडघ्याशी घासलेलं निळं कापड, खिशाखाली न विटलेला गडद चौकोन, असे त्या कपड्यांचे रंग. ती क्विल्ट आज मोठी कलाकृती मानली जाते.

हे गाव फार सोसलेलं आहे. १९६२ साली नदीवरची होडी बंद करण्यात आली. पलीकडच्या गावी जाऊन लोकांनी मतदार म्हणून नावं नोंदवू नयेत, हाच त्यातला डाव होता, असं गावकरी सांगत आले. होडी पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. मधल्या काळात, १९६६ साली, गावच्या आणि आसपासच्या बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. सुरुवातीला एकेका क्विल्टला दहा डॉलर मिळत. पुढं २००२ साली जीज बेंडच्या क्विल्टांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं आणि त्याच वर्षी ते व्हिटनीत आलं. ज्या संग्रहालयात १९७१ साली बहुतेक गोधड्या निनावी टांगल्या होत्या, तिथंच आता भिंतीवर क्विल्ट आणि शेजारी शिवणारीचं नाव! २००६ साली या क्विल्टांची दहा टपाल तिकिटं निघाली.

पण नाव लागलं म्हणजे दाम मिळाला, असं होत नाही. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, अशी तक्रार घेऊन गावातल्या काही बाया २००७ साली न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी तो वाद आपसात मिटला. शिवणारीचं नाव, तिचा हक्क आणि तिचा दाम या तीन गोष्टी एकमेकींना धरूनच असल्या पाहिजेत, हा धडा त्यातून निघाला. २०२२ पासून जीज बेंडमधे क्विल्टांना वारा देण्याचा वार्षिक उत्सव भरतो. कुंपणांवर, घराच्या कठड्यांवर आणि दोऱ्यांवर क्विल्ट टाकतात, आणि पाहणारेच गावात येतात. कलावंतीण शहराकडं न जाता शहर तिच्या दारी येतं.

श्रोतेहो, हे चित्र आपल्याला परकं वाटायला नको. नवरात्राच्या आधी घरोघरची अंथरुणं-पांघरुणं नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची आपली रीत. खडकांवर, कुंपणांवर, काटेरी झुडपांवर वाळत पडलेल्या रंगीबेरंगी वाकळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तेही प्रदर्शनच. फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. आणि त्या वाकळांच्या कोपऱ्यात चिठ्ठी नव्हती. आजीनं शिवली एवढं आपल्याला ठाऊक असतं. आपल्या मुलांना ठाऊक नसतं. त्यांच्या मुलांना ती फक्त जुनी चिंधी वाटेल. सुती लुगडी कमी झाली, बाजारात ब्लँकेटं स्वस्त मिळू लागली, तेव्हा गोधडी घालणारे हातही कमी होत चालले आहेत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना. वर्षातून एक दिवस शाळेत गोधड्यांचं प्रदर्शन भरवा. खर्च जवळजवळ नाही. दोन खांबांना बांबू बांधला की झालं. खिळे ठोकू नका. गोधडीच्या पाठीला वरच्या कडेनं कापडाचा नेफा कच्च्या टाक्यांनी शिवा आणि त्यातून काठी घाला, म्हणजे वजन सारखं वाटलं जातं. कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, रंग उडतो. कुणाकडून कोणती गोधडी आणली ते वहीत टिपून घ्या आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत करा. मुलांना गटागटानं घरोघरी पाठवा. गोधडी कुणी घातली, कोणत्या साली, कुणाचं लुगडं, कुणाचं धोतर त्यात आहे, कुणासाठी घातली, हे त्यांनी विचारावं आणि चिठ्ठीवर लिहावं. काही गावांत मजुरीवर गोधड्या घालून देणाऱ्या बाया आहेत. त्यांचंही नाव लिहा, आणि त्यांच्या कामाला दाम किती मिळतो तेही मुलांना कळू द्या. गणिताच्या तासाला चौकोन, त्रिकोण आणि क्षेत्रफळ गोधडीवरच शिकवता येईल. भाषेच्या तासाला चिठ्ठीचा निबंध होईल. आणि जमलं तर गोधडीशेजारी खुर्ची टाकून घालणारीला बसवा. मुलांना प्रश्न विचारू द्या.

एवढं केलं म्हणजे गोधडी भिंतीवरच राहावी, असं नाही. संध्याकाळी ती घरी जाईल, रात्री कुणाच्या तरी अंगावर येईल; तिचं खरं काम तेच आहे. फक्त तिच्या कोपऱ्यात आता एक लहानशी चिठ्ठी असेल, आणि पांघरणाऱ्याला वाचता येईल की ही ऊब कुणाच्या हातची आहे.