पडद्याआडचा पंच

दिनांक 21 एप्रिल 2024. लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडांतील एफ. ए. कप स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता. एका बाजूस मँचेस्टर युनायटेड हा बलाढ्य संघ, तर दुसऱ्या बाजूस त्या वेळीं दुसऱ्या श्रेणींत खेळणारा कॉव्हेंट्री सिटी. सत्तर मिनिटें झालीं तेव्हां कॉव्हेंट्री तीन गोलांनीं मागें होता. परंतु त्या संघानें एकामागून एक तीन गोल करून बरोबरी साधली, आणि जादा वेळेच्या अगदीं अखेरीस, 121 व्या मिनिटास, व्हिक्टर टॉर्प यानें चौथा गोल केला. कॉव्हेंट्रीच्या पाठीराख्यांनीं एकच जल्लोष केला. मग मैदानावर नसलेल्या एका पंचानें पडद्यावर रेषा आंखून पाहिल्या. त्याआधींच्या चालींत हाजी राइट या खेळाडूच्या पायाचा अगदीं लहानसा भाग बचाव करणाऱ्याच्या पुढें होता, म्हणून तो ऑफसाइड होता, असें ठरलें. गोल रद्द झाला. पुढें पेनल्टींच्या फैरींत कॉव्हेंट्री हरला.

निर्णय नियमाला धरून होता. तरीहि आपल्या हातचें कांहींतरी हिरावून नेलें गेलें, अशी भावना कॉव्हेंट्रीच्या लोकांच्या मनांत राहिली. श्रोतेहो, चुकीच्या निर्णयाचा राग यावा हें समजण्यासारखें आहे. पण बरोबर निर्णयाचा राग कां यावा? आजच्या भाषणांत मी याच प्रश्नाची उकल करणार आहें.

प्रथम हें यंत्र खेळांत आलें कां, तें पाहूं. पंच हा माणूस आहे, आणि माणसाच्या डोळ्यांना मर्यादा आहेत. 1966 सालीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंडच्या जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू वरच्या आडव्या दांडीवर आदळून खालीं आला. तो रेषेपार गेला कीं नाहीं? स्विस पंच डीन्स्ट यांनीं रेषापंच बाहरामोव्ह यांना विचारलें आणि गोल दिला. पश्चिम जर्मनी 4-2 असा हरला. वाद मात्र अद्याप मिटला नाहीं. 1986 सालीं मेक्सिकोंत माराडोनानें हातानें केलेला गोल ट्युनिशियाचे पंच बेन्नासूर यांच्या नजरेंतून सुटला, आणि त्या वेळीं इंग्लंडला रडावें लागलें. 2010 सालीं दक्षिण आफ्रिकेंत इंग्लंडच्या लॅम्पार्डनें मारलेला चेंडू दांडीवर आपटून रेषेच्या चांगला आंत पडला. घरोघरीं दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या लोकांनीं तें स्वच्छ पाहिलें. ज्यांनीं पाहावयास हवें होतें त्या पंचांनाच तें दिसलें नाहीं. निर्णय देणाऱ्यापेक्षां पाहणाऱ्याला अधिक दिसावें, ही अवस्था फार काळ टिकणें शक्य नव्हतें.

फुटबॉलचे नियम करणारें मंडळ 1886 सालीं स्थापन झालेलें आहे आणि तें बदलाच्या बाबतींत मोठें सावध असतें. त्या मंडळानें 2012 सालीं गोलरेषेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रास मान्यता दिली. चेंडू पूर्णपणें रेषेपार गेला कीं क्षणार्धांत पंचाच्या मनगटावरील घड्याळांत खूण उमटते. या यंत्राविरुद्ध फारशी तक्रार ऐकूं येत नाहीं. कारण प्रश्न साधा असतो, उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच असतें, आणि तें तत्काळ मिळतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. लोकांचा रोष यंत्रावर नाहीं.

रोष आहे तो त्यानंतर आलेल्या व्यवस्थेवर. 2018 च्या मार्च महिन्यांत त्याच मंडळानें चित्रफीत पाहून पंचाला साहाय्य करणाऱ्या पंचास नियमांत स्थान दिलें. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्हीएआर’ म्हणतात. त्याच वर्षीं रशियांतील विश्वचषकांत ही पद्धति वापरली गेली, आणि 2019 च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमध्यें ती सुरू झाली. हा पंच मैदानापासून दूर एका खोलींत बसतो. इंग्लंडांत ती खोली लंडनच्या पश्चिमेस स्टॉकली पार्क येथें आहे. त्यानें प्रामुख्यानें चारच बाबींत लक्ष घालावयाचें: गोल, पेनल्टी, थेट दाखविलेलें लाल कार्ड, आणि एका खेळाडूऐवजीं दुसऱ्यास झालेली शिक्षा. त्यांतहि मूळ निर्णयांत ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल तरच त्यानें मैदानावरील पंचास कळवावयाचें. मग तो पंच बाजूच्या पडद्यावर घटना पुन्हा पाहून निर्णय देतो. ऑफसाइडसारख्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांत मात्र पडद्याकडे न जातांहि निर्णय फिरवितां येतो.

आपण मराठी माणसें क्रिकेटवेडीं. आपणांपैकीं पुष्कळजण म्हणतील, यांत नवल तें काय? 1992 च्या नोव्हेंबरमध्यें दरबान येथें दूरचित्रवाणीवरील चित्र पाहून धांवचीत ठरविला गेलेला पहिला फलंदाज आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकरच होता. क्रिकेटनें तिसरा पंच पचविला. मग फुटबॉलला अजीर्ण कां व्हावें? उत्तर खेळाच्या घडणींत आहे. क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो. त्या फटींत तपासणी बसते. शिवाय तीच चित्रें प्रेक्षकांसहि मोठ्या पडद्यावर दिसतात. श्वास रोखून सारें मैदान तीं पाहतें, आणि वाट पाहणें हाच एक खेळ होऊन बसतो. फुटबॉल वाहता असतो. तेथें नव्वद मिनिटांत दोन-तीनच गोल होतात, कित्येकदां एकहि होत नाहीं. त्या एका क्षणासाठीं प्रेक्षक दीड तास तिष्ठत असतो. चेंडू जाळ्यांत गेला कीं जो आनंद उसळतो, तोच या खेळाचा प्राण होय. आतां त्या आनंदालाहि पहारेकरी बसला आहे. गोल झाला तरी प्रेक्षक आधीं रेषापंचाच्या निशाणाकडे आणि मग फलकाकडे पाहतो, आणि ‘तपासणी चालू आहे’ हे शब्द वाचून अर्ध्यावर थांबतो. पुढें गोल कायम झाला, तरी तो उमाळा पुन्हा येत नाहीं. शिळ्या कढीला ऊत आणावा, तसें तें होतें.

दुसरी तक्रार मोजमापाची आहे. ऑफसाइडचा नियम थोडक्यांत असा कीं, सहकारी पुढें चेंडू देतो त्या क्षणीं आक्रमक खेळाडू प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या आणि चेंडूच्याहि पुढें असूं नये. गोलापाशीं तळ ठोकून आयत्या चेंडूची वाट पाहण्यास आळा बसावा, हा त्याचा उपयोग. हा नियम माणसाच्या डोळ्यासाठीं केलेला होता. आतां त्याचें माप सेंटिमीटरांत काढलें जातें. सेकंदाला 50 चित्रें घेणारा कॅमेरा आहे असें धरा. दोन चित्रांमध्यें सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. सेकंदाला 8 मीटर धांवणारा खेळाडू तेवढ्या वेळांत 16 सेंटिमीटर पुढें सरकतो. चेंडू पायापासून नेमका कोणत्या क्षणीं सुटला, हेंच जर इतक्या अंतरानें अनिश्चित, तर बोटभर फरकावर गोल रद्द करण्यांत कितपत अर्थ आहे? 2019 च्या नोव्हेंबरमध्यें लिव्हरपूलच्या फिर्मिनोचा एक गोल काखेजवळचा भाग पुढें होता म्हणून रद्द झाला. सोनाराच्या तराजूनें सरपण तोलण्याचाच हा प्रकार. 2022 च्या कतारमधील विश्वचषकांत सुधारणा झाली. छताखालील 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदूंचा माग ठेवीत, आणि चेंडूंतील यंत्र सेकंदाला 500 वेळां नोंद करी. त्यामुळें अचूकपणा आणि वेग वाढला. पण ‘इतक्या बारीक फरकासाठीं गोल नाकारावा काय’, हा प्रश्न यंत्र सोडवूं शकत नाहीं. क्रिकेटनें येथें शहाणपण दाखविलें आहे. पायचीतच्या निर्णयांत चेंडू यष्टीला निसटता लागेल असें यंत्र सांगत असेल, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम ठेवतात. आपल्या ज्ञानाला सीमा आहे, याची ती प्रामाणिक कबुली आहे.

तिसरी गोष्ट याहून अवघड आहे. पुष्कळ निर्णय मोजण्याचे नसतात, समजुतीचे असतात. चेंडू हाताला लागला हें चित्रांत दिसतें; तो लागला कीं लावला, हें दिसत नाहीं. 2018 च्या अंतिम सामन्यांत क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनीं पडद्यापाशीं जाऊन चित्र पुन्हा पाहिलें आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. तो निर्णय योग्य होता कीं नाहीं, याविषयीं जाणत्यांचें त्यानंतरहि एकमत झालें नाहीं. चित्र सावकाश चालविलें कीं निमिषांत घडलेला स्पर्श जाणूनबुजून केल्यासारखा दिसूं लागतो. अशा वेळीं चुकीची जागा सत्य घेत नाहीं. एका माणसाच्या मताची जागा दुसऱ्या माणसाचें मत घेतें. आणि हा दुसरा माणूसहि चुकतो. 30 सप्टेंबर 2023 रोजीं टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियासनें केलेला गोल रेषापंचानें ऑफसाइड ठरविला. खोलींतील पंचाला तो ऑफसाइड नसल्याचें दिसलें. परंतु मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीनें त्यानें ‘तपासणी पूर्ण’ एवढेंच कळविलें. चूक ध्यानांत आली तोंवर खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि मग मागें फिरण्यास नियमांत वाव नव्हता. लिव्हरपूल तो सामना 2-1 असा हरला. पंचांच्या संस्थेनें चूक कबूल केली आणि पुढें त्या संभाषणाचें ध्वनिमुद्रणहि प्रसिद्ध केलें.

तर मग ही व्यवस्था मोडूनच टाकावी काय? दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. प्रीमिअर लीगनें 2024 मध्यें सांगितलें कीं, महत्त्वाच्या निर्णयांत बरोबर निर्णयांचें प्रमाण पूर्वीं शेंकडा 82 होतें, तें या पद्धतीमुळें 96 झालें. त्या वर्षीं वुल्व्हज या संघानें पद्धति बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हां तो 19 विरुद्ध 1 मतानें फेटाळला गेला. बाजूनें मत पडलें तें वुल्व्हजचें एकट्याचें. मात्र ही मतें संघांचीं होतीं. जेथें पाठीराख्यांस मत आहे, तेथें चित्र निराळें दिसतें. स्वीडनमध्यें संघांच्या कारभारांत सभासदांचें मताधिक्य राखलेलें आहे. तेथें 2024 मध्यें ही पद्धति न आणण्याचें ठरलें. नॉर्वेंत 2024 च्या जुलैमध्यें पाठीराख्यांनीं मैदानावर टेनिसचे चेंडू आणि माशांच्या वड्या फेकल्या. ट्राँडहाइम येथील सामना अर्ध्यावर सोडावा लागला. अन्न फेकून न्याय मिळत नाहीं, आणि मी त्या वर्तनाची तरफदारी करणार नाहीं. पण त्यानंतर तेथील संघांनीं 19 विरुद्ध 13 मतांनीं पद्धति बंद करण्याची शिफारस केली, यावरून तक्रार केवळ वात्रटांची नव्हती हें उघड होतें. पुढें 2025 च्या मार्चमध्यें राष्ट्रीय संघटनेच्या सभेनें 321 विरुद्ध 129 मतांनीं ती पद्धति चालूच ठेवली.

मी शाळेंत शिकवीत असतांना मुलांच्या सामन्यांत शिट्टी बहुधा माझ्याच हातीं असे. आमच्या गोलांना जाळीं नव्हतीं. एकदां चेंडू खांबाच्या आंतून गेला असें मला वाटलें आणि मीं गोल दिला. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा कर्णधार जवळ येऊन म्हणाला, “सर, चेंडू बाहेरून गेला होता. पण तुम्ही जवळ होतां. तुम्हांला तसें दिसलें असेल.” तो रागावला होता, पण आपण कोणावर रागावलों आहों, हें त्याला ठाऊक होतें. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या, घामानें भिजलेल्या माणसाची ती चूक होती, आणि तशी चूक आपल्याहि हातून होऊं शकेल, हें तो जाणून होता. म्हणून त्याला क्षमा करतां आली.

माझ्या मतें साऱ्या असंतोषाचें मूळ येथें आहे. मैदानावरील पंचाच्या चुका लोक शतकभर सोसत आले, कारण तो त्यांच्यासमोर असे. खोलींतील पंच दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं. प्रवासखर्च आणि तिकीट भरून मैदानावर आलेल्या माणसाला काय चाललें आहे तें घरीं बसलेल्या माणसापेक्षां पुष्कळदां कमी कळतें. न्याय होणें जितकें अगत्याचें, तितकेंच तो होतांना दिसणेंहि अगत्याचें, हें तत्त्व न्यायमंदिराइतकेंच क्रीडांगणालाहि लागू आहे. उपायहि त्याच दिशेनें शोधावयास हवेत. 2023 च्या महिलांच्या विश्वचषकांत पंच आपला अंतिम निर्णय ध्वनिक्षेपकावरून सर्वांस सांगत; तें पाऊल योग्य होतें. त्याच्या पुढें जाऊन पंचांचें संभाषणहि प्रेक्षकांस ऐकूं द्यावें. तपासणीला वेळेची मर्यादा घालावी. तेवढ्यांत जी चूक सांपडत नाहीं, ती ‘स्पष्ट आणि उघड’ नाहींच असें समजावें. आणि जेथें फरक मापाच्या अनिश्चिततेइतकाच असेल, तेथें मैदानावरील निर्णय मानावा.

माराडोनाचा हात पुन्हा कोणाच्या नजरेंतून सुटूं नये, असें सर्वांस वाटतें. परंतु तो हात पकडण्यासाठीं नेमलेल्या पहारेकऱ्यानें राइटच्या पायाचें बोट धरून बसावें, असें फारच थोड्यांस वाटत असेल. या दोहोंमधला भेद यंत्राला कळत नाहीं. तो माणसानेंच ठरवावयाचा असतो. आणि ज्यांच्यासाठीं खेळ खेळला जातो, त्यांना तो ठरतांना पाहावयास मिळाला पाहिजे.